ढेप पाच किलो, दूध सातच लिटर

पत्र: डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही कळमेश्वर तालुक्यात राहतो. घरी संत्र्याची बाग आहे, सोयाबीन-तूर असते आणि पाच म्हशी आहेत. तीन दुधात, एक आटलेली, एक गाभण वगार. दुधातल्या म्हशींना आधी रोज तीन-तीन किलो सरकी ढेप होती, ती दिवाळीनंतर पाच किलो केली. पहिल्या आठवड्यात अर्धा लिटर दूध वाढलं, मग परत सातावर येऊन बसलं. फॅट सातच्या आसपास लागते. ढेपेसोबत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, देतो, मोजून पाहिलं तर म्हैस सातेक किलो खाते. हिरवं म्हणजे धुऱ्यावरचं पाच किलो गवत. म्हशी मोठ्या हाडाच्या आहेत, पाचशे किलोच्या असतील, पण हल्ली पाठीवरून वाळल्यासारख्या दिसतात. शेण पातळ झालंय, सकाळी गोठ्यात शिरलं की डोळे चुरचुरतात. मोठी म्हैस दोनदा भरवूनही उलटली, गाभण राहिली नाही. सासूबाई म्हणतात, ढेपेला हात लावू नको, ढेप म्हणजेच दूध. हे म्हणतात, सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, आणू, तिच्यात प्रथिनं दुप्पट. मी कोणाचं ऐकू? आणि पारडांना ढेप कधीपासून द्यायची?
– एक वाचक भगिनी

ताई, नमस्कार.

तुम्ही वजनं लिहून पाठवली, हे फार बरं झालं. एरवी पत्रात 'टोपलंभर कुटार आणि दोन मापं ढेप' एवढंच असतं, आणि माप घरागणिक वेगळं. तुमच्या आकड्यांवरून सरळ हिशेब मांडता येतो. निकाल आधीच सांगून टाकतो: सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, यजमान बरोबर आहेत पण वेळ चुकली, आणि म्हशींच्या गव्हाणीत प्रथिनं उतू जातायत, कमी पडतेय ती ऊर्जा.

चाऱ्यातला जो भाग पचून अंगी लागतो, त्याला पशुपोषणात टीडीएन म्हणतात. ऊर्जेचा हिशेब आपल्याकडे याच मापात करतात. पाचशे किलोच्या म्हशीने दुधाचा थेंबही दिला नाही, तरी स्वतःचं शरीर चालवायला तिला रोज साधारण ४ किलो टीडीएन आणि ४०० ते ४५० ग्रॅम प्रथिनं लागतात. ते भागल्यावर दुधाचा खर्च सुरू होतो. ७ फॅटच्या एका लिटरमागे साधारण ४६० ग्रॅम टीडीएन आणि ९० ते १०० ग्रॅम प्रथिनं धरायची. गायीच्या ४ फॅटच्या दुधाला लिटरमागे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास टीडीएन पुरतो, म्हणून गायवाल्या शेजाऱ्याचं खाद्य बघून म्हशीचं ठरवलं की फसगत होते. म्हशीचं दूध म्हणजे लोणी. त्याला इंधन जास्तच लागणार.

आता तुमची गव्हाण. सात किलो कुटारातून जेमतेम अडीच-पावणेतीन किलो टीडीएन मिळतो आणि प्रथिनं पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. सोयाबीनचं कुटार दिसायला भरघोस असतं, पण काडी लाकडासारखी. पचते ती निम्म्याहून कमी. पाच किलो सरकी ढेपेतून सव्वातीन किलोच्या आसपास टीडीएन आणि तब्बल ११०० ग्रॅम प्रथिनं. धुऱ्यावरच्या गवतातून उरलेलं थोडंफार. एकूण साडेसहा किलो टीडीएन, आणि प्रथिनं जवळपास दीड किलो.

साडेसहातून शरीराचे चार वजा करा. अडीच किलो उरले. त्यात साडेपाच लिटरच दूध बसतं. प्रथिनांकडून तोच हिशेब केला तर दहा लिटरची सोय आहे. म्हैस देतेय सात. मग वरचं दीड लिटर कुठून येतं? तिच्या पाठीवरून. तुम्हाला ती वाळलेली दिसते, ती त्यामुळेच. अंगावरची चरबी वितळवून ती तुमची किटली भरतेय. विल्यानंतर पहिले दोन-अडीच महिने सगळ्याच म्हशी थोडंफार असं करतात, ते चालतं. पण तुमच्या म्हशींचं ते महिनोन्‌महिने चाललंय.

या म्हशीकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. ती रोज दीड किलो प्रथिनं खाते. सात लिटर दुधातून परत किती देते? म्हशीच्या दुधात प्रथिनं सव्वाचार टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे तीनशे ग्रॅम. ढेपेला मोजलेल्या पैशातला पाचातला एक भाग डेअरीत पोचतो. शरीर चालवायला लागतं ते सोडलं, तर उरलेलं शेणात आणि मुतात जातं. गोठ्यात सकाळी डोळे चुरचुरतात तो अमोनिया, आणि तो बऱ्याच अंशी तुमच्या ढेपेतूनच आलेला आहे.

हे असं का होतं, ते एकदा समजून घ्या, म्हणजे दुकानदार उद्या दुसरं काही गळ्यात मारायला आला तरी तुम्हीच त्याला प्रश्न विचाराल. म्हैस खाते, पण खाल्लेलं आधी पचवतात ते तिच्या पहिल्या पोटातले जंतू. ढेपेतली बरीचशी प्रथिनं हे जंतू फोडतात, त्याचा अमोनिया करतात, आणि त्या अमोनियातून स्वतःचं शरीर बांधतात. ते जंतू पुढे वाहत जाऊन आतड्यात पचले, की म्हशीला उत्तम दर्जाची प्रथिनं मिळतात. यात मेख एवढीच की अमोनियातून शरीर बांधायला जंतूंना त्याच वेळी ऊर्जा लागते. साधारण एक किलो टीडीएनमागे ते सव्वाशे-एकशेतीस ग्रॅम प्रथिनं तयार करू शकतात. टीडीएन साडेसहा किलो असेल तर त्यांची मजल साडेआठशे ग्रॅमच्या आसपास संपते, मग वरून ढेप कितीही ओता. विटांचे ट्रक येतायत आणि कामावर गवंडी दोनच, तसं ते आहे. बिनकामाचा अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं, आणि हे करायलाही ऊर्जाच खर्च होते. आधीच तोकडी असलेली ऊर्जा! म्हणजे जास्तीची प्रथिनं फुकट गेली एवढ्यावर थांबत नाही, जाताना वाटखर्चही घेऊन जातात.

मग पहिल्या आठवड्यात अर्धा लिटर वाढलं कसं, असं सासूबाई विचारतील. ढेपेतही ऊर्जा असतेच की. दोन किलो वाढवली तेव्हा तीही वाढली. पण पोटाला मर्यादा आहे. ढेप वाढली तसं कुटार गव्हाणीत उरायला लागलं असणार, आणि दिवाळीनंतर धुऱ्यावरचं गवतही वाळत गेलं. डाव्या हाताने दिलं, उजव्याने काढून घेतलं. सासूबाईंच्या काळी म्हैस दिवसभर चरायची, पावसाळ्यापासून थंडीपर्यंत हिरवं खायची, घरी ज्वारीचा कडबा असायचा. ऊर्जा बऱ्यापैकी मिळायची आणि प्रथिनं तोकडी. तेव्हा ढेप टाकली की दूध वाढलेलं दिसायचंच. शिवाय दाबून तेल काढलेल्या ढेपेत सहा-सात टक्के तेल राहायचं; रसायनाने तेल काढलेल्या मालात एखादाच टक्का उरतो. त्यांचा अनुभव खराच आहे. फक्त आता चराई गेली आणि कडब्याच्या जागी कुटार आलं.

बदल करण्याआधी एक काम करा. सकाळचं ताजं शेण मूठभर घ्या, पिठाच्या जुन्या चाळणीत टाका आणि नळाखाली धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चाळणीत काय उरतं ते बोटाने पसरून बघा. कुटाराचे बोटाच्या पेराएवढे तुकडे जसेच्या तसे दिसले, तर जंतूंना ते पचवायला वेळ किंवा बळ मिळत नाहीये. सरकीची काळी टरफलं थोडी दिसणारच, पण त्यांचा थर बसला तर ढेपेत टरफल जास्त आहे असं समजा. पुढे मका सुरू केल्यावर हीच तपासणी परत करा. मक्याचे अख्खे दाणे दिसले तर भरडा जाड आहे, गिरणीवाल्याला सांगून बारीक करून आणा. ढेपेचा एक तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकून अर्ध्या तासाने ढवळा. तळाशी वाळू बसली तर दुकान बदला.

आता खाद्य. आठ लिटर दूध धरून, दर म्हशीला रोज असं करून बघा. वाळलं वैरण: कुटार चार किलो आणि ज्वारीच्या कडब्याची कुट्टी दोन किलो. हिरवा मका किंवा नेपियर गवत पंधरा किलो. आंबोणात, म्हणजे खुराकात, सरकी ढेप दोन किलो, मक्याचा भरडा दीड किलो, तुरीची चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) एक किलो, गव्हाचा कोंडा अर्धा किलो. वरून ५० ग्रॅम क्षार मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ. आंबोणाचं वजन पाच किलोच राहिलं, बघा. पण टीडीएन पोचतो ७.७ किलोवर, प्रथिनं उतरतात सव्वा किलोच्या जरा वर, आणि आठ लिटरला दोन्ही जुळतात. म्हैस खरंच आठवर गेली तर खाल्लेल्या प्रथिनांचा चारातला एक भाग दुधात येईल. दुभत्या जनावराकडून याहून फार जास्त अपेक्षा ठेवू नका. गणित इथपर्यंतच ताणतं.

यातला मका एकदम सुरू करू नका. ही चूक मी फार गोठ्यांत बघितली आहे: सल्ला ऐकला, संध्याकाळी मक्याचं पोतं आलं, सकाळी दोन किलो गव्हाणीत. पोटात आम्ल होतं, म्हैस रवंथ सोडते, शेण आंबूस आणि पातळ, फॅट खाली. पाव-पाव किलोने वाढवा, तेवढीच ढेप कमी करा, दोन आठवडे लागू द्या. आधी एकाच म्हशीवर करा, तेही मोठीवर नको, मधलीवर. बाकी दोघी जुन्याच खाद्यावर राहिल्या की फरक सासूबाईंच्या डोळ्यांसमोर असेल आणि माझ्याकडे कौल मागावा लागणार नाही. दूध तर मोजालच, पण शेण घट्ट होतंय का, कडेला बसून रवंथ करते का, मागच्या बरगड्या बुजतायत का, हे बघा. अंग आधी भरतं, दूध मागाहून चढतं. पहिल्या आठवड्यात दूध जागचं हललं नाही म्हणून घाबरून परत ढेप वाढवू नका.

ढेप भिजवायची पद्धतही बघून घ्या. रात्रभर भिजत घालायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. उन्हाळ्यात ती सकाळपर्यंत आंबते. तास-दोन तास पुरे. आणि धारेच्या वेळी नुसती ढेप पुढे ठेवण्यापेक्षा आंबोण कुट्टीत कालवून द्या. म्हणजे ढेपेचा अमोनिया आणि चाऱ्याची ऊर्जा जंतूंना बरोबरीने मिळते. याला एक पैसा लागत नाही.

पंधरा किलो हिरवं आणायचं कुठून, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. बागेला विहिरीचं पाणी आहे ना? दहा गुंठे नेपियरला द्या. पाणी आणि शेणखत नीट मिळालं तर वर्षभराच्या सरासरीत तीन म्हशींचं तेवढ्यात भागतं, फक्त कडाक्याच्या थंडीत वाढ मंदावते. तोवर मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, घ्या. दहा किलो मुरघास पंधरा किलो हिरव्या मक्याच्या तोडीस तोड. पिशवी उघडल्यावर काळा किंवा बुरशीचा थर दिसला तर तेवढा भाग उकिरड्यावर, म्हशीपुढे नाही.

संत्र्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाग आहे म्हणून सांगतो. रस काढलेल्या संत्र्याचा चोथा ऊर्जेला चांगला आणि प्रथिनांत गरीब, म्हणजे तुमच्या गव्हाणीत नेमकं जे हवं ते. परदेशात तो वाळवून दुभत्या जनावरांना सर्रास देतात. बागेत गळलेली अख्खी फळं मात्र टाकू नका, घशात अडकतात. चिरून, थोडी-थोडी, फवारणीचा काळ उलटल्यावर, आणि सडकी अजिबात नाही.

यजमानांच्या डीओसीबद्दल. माल चांगला आहे, शंकाच नाही. प्रथिनं ४५ टक्क्यांच्या पुढे, सरकी ढेपेत बावीसच्या आसपास. पण ती आहे त्या खाद्यावर वरून टाकली, तर उतू जाणाऱ्या भांड्यात आणखी एक लोटा. ढेपेच्या बदली वापरायची असेल तर गोष्ट वेगळी. दोन किलो ढेपेच्या जागी पाऊण किलो डीओसी आणि सव्वा किलो मका घेतला, तरी प्रथिनं कमी पडत नाहीत आणि ऊर्जा थोडी वाढतेच. भाव असा ताडायचा: डीओसीचा किलोचा दर ढेपेच्या दुपटीच्या आत असेल तर प्रथिनं स्वस्तात पडतात. सगळीच ढेप मात्र बंद करू नका. तिच्यातलं तेल फॅटला मदत करतं आणि तिच्या प्रथिनांचा काही भाग जंतूंच्या तावडीतून सुटून थेट आतड्यात पोचतो. तयार पशुखाद्य घेत असाल तर पोत्यावरचं वाचा. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रकारात किमान २२ टक्के प्रथिनं असतात, दुसऱ्यात २०. मका आणि हिरवं नीट मिळत असेल तर दुसरा प्रकार तुम्हाला पुरे.

फॅट वाढावी म्हणून गोडतेल पाजणारेही भेटतील. नका करू. मोकळं तेल जंतूंना मारक ठरतं आणि चारा पचायचा थांबतो. ताज्या विलेल्या, जास्त दुधाच्या म्हशीला बायपास फॅट (जंतूंना न बाधता पुढे आतड्यात पचणारी चरबी) शंभर-दीडशे ग्रॅम देणं ठीक, सात लिटरवालीला त्याची गरज नाही.

तणशीला, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाला, युरिया लावायचं वाचून तुम्ही तेही करायला जाल, म्हणून आधीच सांगतो. शंभर किलो तणशीला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून, झाकून २१ दिवस ठेवायचा, हा उपाय मौदा-कुहीकडच्या धानवाल्यांसाठी सोन्यासारखा आहे, कारण त्यांच्याकडे तणस मुबलक आणि ढेप थोडी. तुमच्याकडे नत्र आधीच जास्त झालंय. कोरडा युरिया तर खाद्यात कधीच कालवू नका, म्हैस दगावते.

मोठी म्हैस उलटली, त्याची कारणं अनेक असू शकतात आणि ती पत्रावरून ठरत नाहीत. ऊर्जेची तूट हे मोठं कारण, रक्तातला जास्तीचा युरिया गर्भाशयाला मानवत नाही हे दुसरं, क्षारांची उणीव तिसरं. खाद्य बदलून महिनाभराने पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्या आणि मगच भरवा. नागपूरच्या मे महिन्यात म्हैस माजावर आली तरी मुकाच माज असतो, ओरडत नाही, म्हणून पहाटे लक्ष ठेवा.

उन्हाळा तोंडावर आहेच. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की म्हैस आधी वाळलं वैरण सोडते, कारण ते पचवताना पोटात उष्णता तयार होते. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, ती करणार काय? कुटार रात्री घाला, दुपारी नुसतं हिरवं, पाणी सावलीत आणि दिवसभर, अंगावर दोन-तीनदा पाणी. या दिवसांत ती खाते कमी म्हणून आंबोणातला मका जपून ठेवा, कापायचाच असेल तर कोंडा कापा.

आटलेल्या म्हशीला दुधाळ म्हशीचं खाद्य देत असाल तर थांबवा. वैरण, हिरवं आणि किलो-दीड किलो आंबोण पुरतं. गाभण वगारीचं मात्र शेवटच्या दोन महिन्यांत हळूहळू वाढवत न्या. तिची स्वतःची वाढही अजून चालू आहे. दुधातल्या तिघींनाही सारखं माप नको. सात लिटरच्या सरासरीत एखादी पाचवाली असेलच, तिचं आंबोण दर दोन लिटरमागे एक किलो या हिशेबाने कमी करा. पावसाळ्यात ढेपेचं पोतं जमिनीवर ठेवू नका, भिंतीपासूनही हात-दीड हात लांब. बुरशी लागली की तिचं विष दुधात उतरतं.

ढेपेचा नमुना तपासून घ्यायचा असेल तर नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषणाच्या लोकांना भेटा, नमुना पाव किलो, कोरड्या पिशवीत, पोत्याच्या मधून काढलेला न्या.

राहिलं पारडांचं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या म्हशीच्या पोटातले जंतू त्याला बरंचसं निष्प्रभ करतात, पारडाचं ते पोट अजून तयारच झालेलं नसतं. तीन-चार महिन्यांपर्यंत सरकी ढेप बिलकुल नको. आधी भरपूर चीक, मग दूध, आणि दुसऱ्या आठवड्यापासून मक्याचा भरडा नि डीओसी मिसळलेलं मूठभर आंबोण तोंडाला लावा. यजमानांना डीओसी आणायचीच असेल, तर पहिलं पोतं पारडांच्या नावाने येऊ द्या.